इन्व्हेन्शन डिस्क्लोजर भरावा का? कंपनी, पेटंट आणि आपण

आडवा_पाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी मोटर ड्राइव्हच्या कंट्रोल सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्या प्रॉडक्टचं एक जुनं दुखणं होतं, त्यावर हल्लीच उतारा सापडला. कोड रिव्ह्यूत टेक लीड म्हणाला, "हे आयपी टीमला (पेटंट वगैरे बघणाऱ्यांना) कळव, इन्व्हेन्शन डिस्क्लोजर, म्हणजे शोध कंपनीला कळवायचा फॉर्म, भर." पोर्टल उघडलं तर भलामोठा फॉर्म. समस्या काय, आधीचे उपाय कोणते, तुमचं वेगळं काय, शोधकांची नावं, प्रत्येकाचा राहता देश, बाहेर कोणाला सांगितलंय का, आणखी बरंच. शेजारी बसणारा मित्र म्हणतो, कशाला नसती उठाठेव? पेटंट कंपनीचं होणार, तुझ्या वाट्याला भिंतीवर लावायची पाटी.

खरं सांगायचं तर मलाही हे 'शोध' म्हणण्याइतकं मोठं वाटत नाही. थोड्याशा ओळींचा बदल आहे. कोणी भरलाय का असा फॉर्म? किती खोलात लिहायचं असतं? आणि सध्या डिलिव्हरीची घाई आहे, ती उरकल्यावर सावकाश भरला तर चालेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. नक्की काय केलंय ते पुढच्या प्रतिसादात आकृतीसकट टाकतो.

मसुदा_मास्तर

आकृती टाकू नका! आधी हे वाचा.

पेटंटचे मसुदे लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. उघड्या संकेतस्थळावर तुम्ही शोध समजावून सांगितलात की तो लोकांसमोर आला, मग वाचणारे चारच का असेनात. युरोपात याला जवळजवळ माफी नाही. अर्जाच्या तारखेआधी तो कुठेही, कसाही जाहीर झाला असेल तर नवीनता संपली, आणि जाहीर करणारे तुम्ही स्वतः असलात तरी तेच. अमेरिका आणि जपान शोधकाला एक वर्षाची मुभा देतात. भारतातही कलम ३१ खाली बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा ठरावीक प्रसंगांपुरती. हा धागा त्यात बसत नाही.

'बाहेर कोणाला सांगितलंय का' हा प्रश्न फॉर्ममध्ये असतो तो यासाठीच. तिथे 'नाही' वर टिक मारण्याआधी आठवून बघा: ग्राहकाला दिलेला डेमो, कॉन्फरन्सला पाठवलेला गोषवारा, सार्वजनिक रिपॉझिटरीतली कमिट, व्हेंडरला समजावताना व्हाइटबोर्डवर काढलेलं चित्र. समोरच्याशी गोपनीयतेचा करार असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही लिहा. करार कुठला ते आम्ही बघतो.

आता डिलिव्हरीबद्दल. उलटं करा, डिलिव्हरीच्या आधी भरा. माल विकला की अनेक ठिकाणी शोध जाहीर झाल्यासारखंच होतं. अमेरिकेत तर २०१९ साली सुप्रीम कोर्टाने हेल्सिन विरुद्ध टेवा या खटल्यात सांगितलं की विकत घेणाऱ्यावर गुप्ततेचं बंधन असलं तरी ती विक्रीच, आणि वर्षाचं घड्याळ तिथूनच चालू होतं. शिवाय मार्च २०१३ पासून अमेरिकाही 'आधी अर्ज त्याचं पेटंट' या बाजूला आली आहे. वहीत तारीख घालून ठेवली म्हणजे भागलं, हे दिवस गेले.

आडवा_पाना

बापरे. आकृती रद्द. इथे काहीच टाकत नाही. पण मग मत कसं देणार तुम्ही?

जुना_गंज

मत मी देतो, आकृती न बघता. भरू नका.

माझ्या नावावरही पेटंट आहेत बरं का. पहिल्या कंपनीत अर्ज दाखल झाला तेव्हा टाळ्या, ईमेलमध्ये सगळ्यांना कॉपी, आणि एक भेटकार्ड. त्याच गोष्टीवर पुढे अख्खी प्रॉडक्ट लाइन उभी राहिली. अप्रेझलला मॅनेजर म्हणाला, "हे तर तुझ्या जॉब डिस्क्रिप्शनमध्येच आहे." तेव्हापासून जे काही सुचतं ते कोडमध्ये घालतो, आणि पोर्टलच्या वाटेला जात नाही.

निळ्या एलईडीवाले शूजी नाकामुरा आठवा. निचिया कंपनीने पेटंटपोटी त्यांच्या हातावर २०,००० येन ठेवले होते. माणूस कोर्टात गेला तेव्हा कुठे, २००४ साली, तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने २,००० कोटी येन द्या म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी वरच्या कोर्टात ८४ कोटींच्या आसपास तडजोड झाली. त्याच कामासाठी २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल. आता बोला.

मसुदा_मास्तर

बोलतो ना. नाकामुरांना कोर्टात उभं राहता आलं ते पेटंटवर शोधक म्हणून त्यांचं नाव होतं म्हणून. त्यांनी पोर्टलकडे पाठ फिरवली असती तर कोर्टापुढे ठेवायला काय होतं? तुमच्या कोडमध्ये गाडलेली युक्तीही कंपनीचीच आहे, फक्त तिच्यावर तुमचं नाव नाही.

उंटावरचा_शहाणा

गंजकाकांचा राग समजू शकतो, पण त्या निकालानंतर काय झालं तेही सांगायला हवं. कंपन्यांनी ओरड केली आणि २०१५ साली जपानने पेटंट कायद्याचं कलम ३५ बदललं. आता कंपनीने आधीपासून नियमावलीत लिहून ठेवलं असेल तर शोधाचा हक्क सुरुवातीपासूनच कंपनीकडे जातो, आणि शोधकाला पैसे किंवा दुसरा आर्थिक लाभ द्यावा लागतो. म्हणजे मोबदला राहिला, पण घासाघीस करायची ताकद कमी झाली.

ब्रिटनमधली इयन शँक्स यांची केस वाचली आहे का? १९८२ साली युनिलिव्हरमध्ये असताना त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या पट्टीच्या मुळाशी असलेली कल्पना मांडली. पहिला नमुना घरी बनवला, मायलरची फिल्म आणि लेकीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या वापरून. मोबदल्याचा अर्ज केला २००६ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २० लाख पौंड दिले ते २०१९ मध्ये. कंपनीला त्यातून सुमारे २.४ कोटी पौंड मिळाले होते असं कोर्टाने धरलं. तिथला कायदा 'असामान्य लाभ' झाला असेल तरच हात सैल करतो, आणि ते सिद्ध करता करता माणूस निवृत्त होतो.

रात्रपाळी

मी जर्मन कंपनीत आहे. इथे चित्रच वेगळं आहे. १९५७ पासून नोकरदारांच्या शोधांसाठी स्वतंत्र कायदा आहे. शोध लागला की विनाविलंब लेखी कळवणं हे *माझ्यावर* बंधन. रीतसर कळवल्यापासून चार महिन्यांत कंपनीने सोडून दिला नाही, तर तिने तो घेतला असं धरतात. २००९ च्या दुरुस्तीआधी हे उलटं होतं, कंपनीला घेतो असं सांगावं लागायचं. घेतला की अर्ज करायचा आणि वाजवी मोबदला द्यायचा, दोन्ही कंपनीवर बंधनकारक. मोबदल्यावरून वाजलं तर पेटंट कार्यालयातच लवाद मंडळ आहे, थेट कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

त्यामुळे इथे कोणी 'भरू का' असं विचारत नाही. कधी भरला, याची तारीख मात्र सगळे जपून ठेवतात.

जुना_गंज

जर्मनीचं कौतुक जर्मनीत. भारतात काय आहे ते सांगा.

मसुदा_मास्तर

भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात नोकरीत लागलेल्या शोधाची मालकी किंवा मोबदला यावर वेगळं कलमच नाही. नियुक्तीपत्रात जे लिहिलंय ते. मात्र अर्ज करायचा हक्क मुळात खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा, म्हणून कंपनी अर्ज करते तेव्हा तो हक्क शोधकाकडून मिळाल्याचा पुरावा जोडावा लागतो. एचआर तुमच्या सहीसाठी मागे लागतं ते त्यासाठी.

राहता देश का विचारतात, तर भारतात राहणारा माणूस परवानगीशिवाय थेट परदेशात अर्ज करू शकत नाही (कलम ३९). एकतर परवानगी काढा, नाहीतर आधी भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबा. अमेरिका आणि चीनचेही आपापले असे नियम आहेत. टीम तीन देशांत विखुरलेली असेल तर कुठे आधी अर्ज करायचा हे ठरवण्यातच आमचा वेळ जातो, आणि तेही बहुतेक वेळा प्रॉडक्ट लाँचच्या आदल्या आठवड्यात.

टेस्टबेंच

माझा प्रश्न नावांबद्दल. आमच्याकडे फॉर्ममध्ये विभागप्रमुखांचं नाव आपोआप येतं म्हणा ना. टेस्टिंगवाल्यांचं कधीच नसतं. मध्यंतरी मी एक बिघाड शोधून काढला, कारण सांगितलं आणि 'ही दोन सिग्नल एकत्र बघा' असं सुचवलं. डिझाइनवाल्यांनी तेच केलं. मी शोधक की नाही?

मसुदा_मास्तर

बहुधा हो. पेटंटच्या शेवटी क्लेम असतात, म्हणजे नेमकं कशावर हक्क सांगतोय त्याची वाक्यं. त्यातल्या एका जरी क्लेमच्या कल्पनेत तुमची खरी भर असेल तर तुम्ही शोधक. नुसती सांगितलेली टेस्ट चालवली, रीडिंग घेतलं, बिघाड कळवला, तर नाही. उपायाची दिशा तुम्ही दिलीत, तर चित्र बदलतं.

विभागप्रमुखांनी बजेट दिलं, मीटिंग बोलावली, 'काहीतरी करा' म्हणाले, यातलं काहीही शोधकत्व नाही. लेखात सहलेखक म्हणून नाव घालायची जी रीत आहे ती इथे आणू नका. चुकीचं नाव घातलं किंवा खरं वगळलं तर अमेरिकेत त्या कारणाने पेटंट रद्द होऊ शकतं. प्रामाणिक चूक असेल तर दुरुस्तीची वाट आहे, पण खटला उभा राहीपर्यंत ती राहून गेली, तर समोरच्या वकिलाच्या प्रश्नांना उत्तरं देत करावी लागते. साहेबांना हे सांगायचं धाडस नसेल तर आयपी टीमच्या कानावर घाला. फॉर्ममध्ये 'कोणी नेमकं काय सुचवलं' हा रकाना असतो, तिथे खरं लिहा. बाकीचं काम तो रकाना करतो.

टेस्टबेंच

आमच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नाही. 'योगदान %' एवढंच आहे. आणि साहेब तिथे २५ लिहितात.

उंटावरचा_शहाणा

फक्त २५? विनम्र साहेब दिसतात. (ह. घ्या.)

आडवा_पाना

नावांचा मुद्दा माझ्याकडे सरळ आहे. पण 'हे फार छोटं आहे' याचं काय? मला अजूनही वाटतं की समोर ठेवलं तर कोणीही म्हणेल, यात काय विशेष.

मसुदा_मास्तर

उत्तर कळल्यावर कोणतंही कोडं सोपं. प्रत्येक इंजिनीअर हेच म्हणतो, आणि जितका हुशार तितका मोठ्याने म्हणतो. पेटंट मिळेल की नाही हा निवाडा तुमच्याकडे मागितलेलाच नाही. तुमच्या टीममधल्या एखाद्याने आधी "हे चालणार नाही" म्हटलं होतं का? सगळे एका वाटेने जात असताना तुम्ही दुसरीकडे वळलात का? एवढं झालं असेल तर कळवा. ओळी किती बदलल्या याचा संबंध नाही.

किती खोलात लिहायचं, त्यासाठी एक उदाहरण मनाने रचतो. धागाकर्त्याच्या कामाशी त्याचा संबंध नाही.

समजा पंपाचा कंट्रोलर आहे. पाण्याशिवाय पंप कोरडा चालला तर जळतो, म्हणून दाब कमी दिसला की कंट्रोलर पंप बंद करतो. आता माझ्याकडे येणारा फॉर्म असा असतो: "सुधारित सॉफ्टवेअरमुळे खोटे अलार्म कमी होतात व विश्वासार्हता वाढते." संपलं. यातून मी काय लिहू?

मग फोन करतो. खोटा अलार्म कधी येतो? चालू करताना, पाइप भरेपर्यंत दाब चढत नाही तेव्हा. आधी काय करायचे? चालू झाल्यावर ठरावीक सेकंद अलार्मकडे दुर्लक्ष. मग त्यात वाईट काय? पाइप लांब असेल तर तेवढे सेकंद पुरत नाहीत, आखूड असेल तर पंप खरोखर कोरडा असूनही तितका वेळ चालत राहतो. तुम्ही काय केलंत? मोटरचा करंट बघितला. इथे मी अडवतो, कारण करंटवरून कोरडा पंप ओळखणं जुनं आहे. त्यावर समोरचा जरा वैतागून म्हणतो, "अहो, करंट किती आहे ते नाही बघत आम्ही. करंट *कसा चढतो* ते बघतो. दाब कमी असताना करंट चढत असेल तर पाइप भरतोय, थांबायचं. आणि भरायला किती वेळ लागला ते साठवून पुढच्या वेळची वाट त्यावरून ठरवतो."

फोन केला होता तो या वैतागलेल्या वाक्यासाठी. फॉर्ममध्ये तेच पहिल्या ओळीत हवं होतं. त्याच्या पुढचा प्रश्न मी नेहमी विचारतो: करंटऐवजी दुसरं काही चालेल का? व्हायब्रेशन? वेग? पंपाऐवजी पंखा किंवा कॉम्प्रेसर असेल तर? तुम्ही जे बनवलं तेवढंच लिहिलंत तर प्रतिस्पर्धी एक सेन्सर बदलून बाजूने निघून जातो. न बनवलेले पर्यायही लिहा. आकृती हाताने काढून फोटो काढलात तरी चालेल. 'विश्वासार्हता वाढते' हे वाक्य मात्र खोडा.

शून्य_मिनिटं

वाचनखूण साठवली. मास्तर, मला उलटी शंका आहे. आधी कोणी केलंय का हे पेटंट शोधून बघायचं की नाही? आमच्या कंपनीत 'इंजिनीअरांनी दुसऱ्यांची पेटंट वाचू नयेत' असा फतवा आहे.

मसुदा_मास्तर

फतव्यामागे कारण आहे. अमेरिकेत दुसऱ्याचं पेटंट माहीत असून उल्लंघन केलं असं ठरलं तर नुकसानभरपाई तिप्पट होऊ शकते. मला स्वतःला हा फतवा पटत नाही. तज्ज्ञांनी आपल्या विषयातलं वाचूच नये हे काही खरं नाही. पण नोकरी तुमची आहे, तेव्हा नियम कंपनीचा पाळा. जे आधीपासून माहीत आहे, म्हणजे पेपर, प्रतिस्पर्ध्याचं मॅन्युअल, जुना इन-हाउस प्रकल्प, ते मात्र लपवू नका. अमेरिकन अर्जात शोधकाला माहीत असलेलं महत्त्वाचं साहित्य कार्यालयाला सांगावंच लागतं. आणि ईमेलमध्ये 'आपण अमक्याचं पेटंट मोडतोय वाटतं' असली वाक्यं लिहू नका. फोन उचला.

शून्य_मिनिटं

आणि फॉर्म चॅटबॉटकडून लिहून घेतला तर?

मसुदा_मास्तर

कंपनीने परवानगी दिलेलं साधन असेल तर भाषा सुधारायला वापरा. बाहेरच्या फुकट साधनात शोध ओतू नका, तिथल्या अटी कोण वाचतं? आणि उपायच त्याने सुचवला असेल तर तसं सांगा. शोधक माणूसच लागतो हे अमेरिकेच्या अपील कोर्टाने २०२२ साली आणि ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ साली स्पष्ट केलंय. तेव्हा तुमचा वाटा नेमका कोणता हे दाखवता आलं पाहिजे.

रात्रपाळी

अवांतर: शनिवार-रविवारी घरी केलेल्या गोष्टीही कळवायच्या का? माझा एक छोटा हार्डवेअरचा उद्योग आहे, नोकरीशी संबंध नाही.

उंटावरचा_शहाणा

जर्मनीत असाल तर तीही कळवावी लागते, कंपनीला तपासायची संधी म्हणून. कंपनीच्या कामाशी उघडच संबंध नसेल तर सुटका. कॅलिफोर्नियात कामगार कायद्याचं कलम २८७० आहे: स्वतःच्या वेळेत, कंपनीची साधनं न वापरता केलेलं तुमचं, पण कंपनीच्या धंद्याशी किंवा चालू संशोधनाशी संबंध असेल तर नाही. इतरत्र नियुक्तीपत्र काढून वाचा. ऑफिसच्या लॅपटॉपवर त्याची एक फाइलसुद्धा ठेवू नका.

जुना_गंज

एवढी मेहनत करून कंपनी म्हणते, 'नको, अर्ज करत नाही.' माझं असं झालंय. मग ते माझं होतं का?

मसुदा_मास्तर

'नको' चे अर्थ वेगवेगळे असतात. कारखान्यातली प्रक्रिया असेल आणि विकलेल्या वस्तूकडे बघून ती कळत नसेल, तर कंपनी मुद्दाम गुपित ठेवते, कारण पेटंटचा अर्ज साधारण १८ महिन्यांनी जगजाहीर होतो. तेव्हा 'नको' चा अर्थ 'गप्प बसा' असा. कधी कंपनी स्वतःच ते छापून टाकते, म्हणजे दुसऱ्या कोणालाही पेटंट मिळू नये. आयबीएमने १९५८ ते १९९८ अशी चाळीस वर्षं त्यासाठी स्वतंत्र बुलेटिन चालवलं होतं. आणि कधी नुसतं बजेट संपलेलं असतं.

जर्मनीत कंपनीने सोडला की तो शोध तुमचा. बाकी बहुतेक ठिकाणी करारामुळे तो कंपनीकडेच पडून राहतो, अर्ज केला नाही तरी. तुम्हाला खरंच पुढे न्यायचा असेल तर लेखी मुक्तता मागा. तोंडी 'कर तुला काय करायचं ते' चालत नाही, मॅनेजरला तो अधिकार नसतो. आयपी विभाग किंवा कायदा विभागाची सही हवी.

जुना_गंज

मागितली होती. उत्तर आलं नाही.

मसुदा_मास्तर

पुन्हा मागा, डिस्क्लोजरचा नंबर घालून. पोर्टलमध्ये भरला होता ना? मग नंबर असणारच.

आडवा_पाना

मी आज बसतो. डेमो पुढच्या आठवड्यात आहे आणि ग्राहकाशी गोपनीयतेचा करार आहे की नाही हे टीममध्ये कोणालाच सांगता येईना, तेव्हा ते आधी सेल्सला विचारलंय. मास्तर, अर्ज डेमोच्या आधी व्हायलाच हवा का, की फॉर्म गेला म्हणजे झालं?

मसुदा_मास्तर

फॉर्म गेला म्हणजे काहीच झालं नाही. तारीख धरतात ती पेटंट कार्यालयातल्या अर्जाची. फॉर्मवर सगळ्यात वर डेमोची तारीख लिहा आणि आयपी टीमला आजच फोन करा. तात्पुरता अर्ज, म्हणजे प्रोव्हिजनल, तेवढ्या दिवसांत होतो. पूर्ण अर्जाला त्यानंतर बारा महिने मिळतात. करार नसल्याचं निघालं आणि अर्जही झाला नाही, तर डेमोत रिझल्ट दाखवा, ग्राफ दाखवा, पण तो कसा मिळवला त्याची स्लाइड काढून टाका.